ट्रॉम्बेच्या धक्क्यावरचा डबा

माघातील एका दुपारी सात वर्षांच्या नातवाला घेऊन ट्रॉम्बेच्या धक्क्यावर गेलो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्षी चरत होते. खाडीपलीकडे नवी मुंबई. थोड्याच वेळात प्रश्न आला, "आजोबा, खायला काय आहे?"

त्याला सीलिअ‍ॅक विकार आहे. गव्हातील ग्लूटेनने आतड्याला इजा होते. म्हणून बिस्किटे, आपला खाकरा, सारे बंद. बटाट्याचे वेफर्स चालले असते, पण ते कंदमूळ. या विकाराचे कारण गहू, ही डच डॉक्टर विलेम डिके यांची शंका १९४४-४५ च्या दुष्काळात बळावली : पाव मिळेना, आणि आजारी मुले सुधारू लागली.

मागच्या खेपेस ज्वारीच्या लाह्यांचा तयार चिवडा घेतला होता. ज्वारी निर्दोष; परंतु डबीतील मिश्र हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. त्या रात्री पोर पोट धरून रडले.

या वेळी डबा घरचा होता : हिंगाविना फोडणीच्या लाह्या, भरपूर शेंगदाणे व डाळे, राजगिऱ्याचे दोन लाडू, एक केळे. नुसत्या लाह्यांनी तासाभरात पुन्हा भूक लागते. दाण्या-डाळ्यांनी पोटाला आधार मिळतो. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी डबा रिकामा झाला.

आपल्यापैकी अनेकांची किराणा दुकाने आहेत. गिऱ्हाइकाने विचारल्यास हिंगात काय मिसळले आहे, ते वेष्टन वाचून सांगावे. कंदमुळाविषयी आपण जी यतना पाळतो, तीच येथेही हवी.