कोणती वाडी?

फॉर्म तयार व्हायला एक संध्याकाळ पुरली. गूगल फॉर्म्सवर तेवीस प्रश्न, माथ्यावर डहाणूजवळच्या बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांचा फोटो, शेवटी आभार. डहाणू घोलवड चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर भावात काही फरक पडला का, बी पोखरणाऱ्या अळीनं किती माल जातो, मजुरी काय पडते, हे तिला बागायतदारांकडून जाणून घ्यायचं होतं.

लिंक सोडण्याआधी पाच जणांसमोर बसून फॉर्म भरून घ्यायचा, ही तिची जुनी सवय. त्या दिवशी पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. ‘तुमची वाडी कोणती?’

तिच्या डोक्यात वाडी म्हणजे वस्ती. बोर्डीत वाडी म्हणजे चिकूची बाग. आत डोंगराकडच्या वस्तीला इथे पाडा म्हणतात. एकानं सरळ एकर सांगितले, तर दुसऱ्यानं विचारलं, “कोणती लिहू? दोन आहेत.”

‘गेल्या हंगामात किती माल निघाला?’ हा प्रश्नही असाच आपटला. आंब्याचा हंगाम विचारावा. चिकू जवळजवळ वर्षभर निघतो, कधी जास्त, कधी कमी. वर्षाचा आकडा माणूस ठोकून देतो, मागच्या आठवड्याचा मात्र त्याला आठवतो. प्रश्न आठवड्यावर आला. ‘खत आणि पाणी वेळेवर मिळतं का?’ याचे दोन प्रश्न झाले, कारण खत मिळत होतं आणि पाणी मिळत नव्हतं.

मग सेटिंग्जची पाळी. एका माणसाचं एकच उत्तर घ्यायचं म्हटलं, तर गूगल आधी लॉग-इन मागतं. घरात चौघांत एक फोन, आणि त्याचा पासवर्ड मुंबईला गेलेल्या मुलाला ठाऊक. तिनं ते बंधन काढलं. दुबार उत्तरं नंतर हातानं निवडता येतील. उत्पन्नाच्या प्रश्नावरची सक्तीची लाल चांदणीही गेली, कारण पाचांपैकी दोघांनी तिथेच फोन खाली ठेवला होता. इराणी-पारशी बागायतदारांसाठी गुजराती हवंच. म्हणून पहिला प्रश्न भाषेचा ठेवला आणि त्यावरून पुढच्या दोन वाटा केल्या.

लिंक व्हॉट्सॲपवर गेली. पहिल्या दोन दिवसांत उत्तरं धो धो आली, मग धार आटली. तिनं तक्ता उघडला. मजुरीच्या प्रश्नाला भरपूर उत्तरं होती, पण सगळी मजुरी देणाऱ्यांची. घेणाऱ्याचं एकही नाही.

उत्तरांचा ढीग फसवा असतो, हे 1936 साली अमेरिकेत दिसलं होतं. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या आणि अध्यक्षपदी लँडन येणार असं छापलं. आले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यं जिंकून. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींवरून. मंदीच्या काळात फोन-मोटार कोणाकडे असणार? शिवाय ज्यांनी पत्रिका परत धाडायची तसदी घेतली, तेही वेगळेच लोक होते.

यावरचा उपाय मात्र तिला बोर्डीतच सापडला. 1945 साली ताराबाई मोडकांनी इथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ सोबत होत्या. बालवाडी उघडली म्हणून वंचित वस्त्यांतली मुलं आपण होऊन तिथवर येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर आहे, त्याची मुळं इथली.

मग तीही फोन घेऊन पाड्यावर गेली. सोबत वारली बोलणारी, बारावी झालेली एक मुलगी. प्रश्न वाचायचा, मुलीनं तो वारलीत सांगायचा, उत्तर मिळेल ते टिपायचं. तक्त्यात तिनं एक नवा रकाना घातला: ‘स्वतः भरलं / विचारून भरलं’. समोर बसलेल्या माणसाला दिलेलं उत्तर आणि एकट्यानं फोनवर दिलेलं उत्तर एका मापानं मोजता येत नाही.

तिसऱ्या अंगणात एक बाई सूप पाखडत बसली होती. ‘मजुरी रोजावर की नगावर?’ यावर बाईनं हात थांबवला. “झाडावरचं काढायला रोजावर. पावसात आमचीच लावणी असते, तेव्हा वाडीवर जात नाही. ते कुठे लिहिणार?”

दोन्ही पर्यायांत ते बसत नव्हतं. तिनं फॉर्म मिटला, वही काढली आणि वर ‘प्रश्न 26’ असं लिहिलं.