जालन्याहून देवबागला, गरवायला

जालना आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच दिवशी झाले, १ मे १९८१ रोजी. आपला औरंगाबादेतून निघाला, परतूर तेवढा परभणीकडून आला. त्यांचा रत्नागिरीतून निघाला. पाण्याच्या बाबतीत मात्र दोघांत काहीच सारखं नाही. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर. तिकडे तीन हजारांच्या वर. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरमागे धावलेली माणसं जेव्हा देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर उभी राहतात, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, तेव्हा बराच वेळ कुणी बोलत नाही.

०

समुद्रावर जाऊन फक्त बघून यायचं, पाय भिजवायचे, फोटो काढायचे, यात मला आता समाधान वाटत नाही. ज्याच्या मुलखात पाणी मोजून मिळतं, त्याने एकदा तरी तिथल्या मच्छीमाराबरोबर होडीत बसावं आणि दोरी हातात धरावी. दोन-तीन तासांचं काम आहे. अनुभव लागत नाही, पोहता आलंच पाहिजे असंही नाही. खर्च गटात वाटला की परवडतो. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पर्यटकांना असं गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, नेणारे होडीवाले भेटतात. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी विचारलं तरी सोय होते.

०

मी गेलो तेव्हा बरोबर आमच्या गल्लीतली मंडळी होती. दोन कुटुंबं, एक निवृत्त शिक्षक, माझी वहिनी, भाचा. निम्म्यांनी त्याआधी समुद्र पाहिलेलाच नव्हता. दोघे शुद्ध शाकाहारी, तरी हौसेनं आले. जालन्याहून मालवण सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. कोल्हापूर गाठून गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरायचा. घाट उतरताना हवा बदलते ती आधी त्वचेला कळते.

०

निघायची वेळ पहाटेची का, हे शाळेच्या भूगोलातच शिकलो होतो. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. सकाळी त्यांच्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात, लाटा उठतात, होडी हलायला लागते. मतलई वाऱ्याबरोबर बाहेर पडायचं आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर घरी यायचं, हा शिडाच्या होड्यांचा शेकडो वर्षांचा क्रम. आता शिडाच्या जागी इंजिन आलं, नवख्यांसाठी वेळ मात्र तीच बरी. परीक्षेसाठी पाठ केलेली ही गोष्ट त्या सकाळी गालाला लागली.

०

होडी फायबरची, मागे पेट्रोलवरचं इंजिन. साहित्य पाहून शिक्षक थोडे निराश झाले. टीव्हीवर दिसते तशी काठी नाही, फिरकी नाही. लाकडाच्या फळीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या थोडं वर दोन गऱ्या, म्हणजे गळ. आमिषाला कोळंबीचे तुकडे आणि कापलेली तारली. नवशिक्याला हेच चांगलं असं आता माझं ठाम मत आहे. काठी आणि मासा यांच्यामध्ये यंत्र येतं. हातदोरीत मध्ये काहीच नसतं. पतंग उडवणाऱ्याला मांज्यातून वारा कळतो, तसा तर्जनीवर ठेवलेल्या तंगुसातून तळ कळतो. वाळू असेल तर शिसं मऊ बसतं, खडक असेल तर टकटक जाणवते.

०

रीत अशी. शिसं सोडायचं, दोरी आपोआप जात राहते. तळाला टेकली की ढिली पडते. मग वीतभर वर ओढून धरायची आणि गप्प बसायचं. पहिले बारीक हिसके येतात ते चाखण्याचे. तिथे घाई केली की आमिष जातं, गरी रिकामी येते. भाच्याच्या दोरीला हिसका बसला तसा तो ओरडला, "मामा, कुणीतरी वढायलंय!" होडीवाले दादा सुकाण्यावरून म्हणाले, "वायच थांब. खावंक दी तेका, मगे वढ." दोन जोरकस हिसके आले आणि त्यांनी मान हलवली. पोरानं हात वर घेतला, दोरी ताठ झाली. मग एका हाताआड दुसरा हात, दोरी ढिली न पडू देता ओढत आणायचं. पाण्यात गुलाबीसर चमकलं. राणी मासा, तळहाताएवढा.

त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो.

०

वहिनीला मात्र दादांनी वेगळ्या आवाजात सांगितलं, "ताई, दोरी हाताक गुंडाळू नकात." मोठा मासा लागला आणि तंगूस बोटाभोवती असेल तर तो कातडं कापतो. नवख्यांना आधी हे सांगणारा होडीवाला मिळाला की निम्मी काळजी गेली. दुसरी सूचना शिंगाळ्याबद्दल. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत टोकदार काटे असतात, ते विषारी. लागला तर हात तासन्‌तास ठणकतो. शिंगाळा वर आला की हात लावायचा नाही, दादांकडे द्यायचा. ते फडक्यात धरून गरी सोडवतात.

०

केंड. हा मासा जालन्यातल्या कुणी पाहिला असण्याचं कारण नाही. शिक्षकांच्या गरीला लागला. होडीत घेताच त्यानं पोट फुगवायला सुरुवात केली. बघता बघता गोल झाला, अंगावरचे बारीक काटे उभे राहिले, पोटाची पांढरी कातडी ताणून चकचकीत झाली. डोळे मोठे, हिरवट. तोंडात चोचीसारखे जुळलेले दात. त्या दातांनी तो जाळी कुरतडतो, म्हणून मच्छीमारांना त्याचा मोठा त्रास. अंगात विष असतं, खायचा नाही. दादांनी शेपटीकडून धरून पाण्यात सोडला. तो थोडा वेळ पोट वर करून तरंगला, मग हवा सोडून खाली गेला. शिक्षक म्हणाले, "पस्तीस वर्षं शाळेत माशाची आकृती काढली फळ्यावर. जिवंत मासा असा आज बघितला."

०

बोट लागणं. दोघांना लागलीच. उपाय साधे आहेत, फक्त आधी करायचे असतात. रिकाम्या पोटी जायचं नाही आणि भरपेटही नाही. पोहे-चहा पुरे. इंजिनाच्या धुराजवळ बसायचं नाही. मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, नजर किनाऱ्यावर किंवा क्षितिजावर ठेवायची. ज्याला घाटातच मळमळतं त्यानं डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. लाटेवर गेल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

०

यातलं काहीही टाळलं तरी चालेल, लाइफ जॅकेट टाळू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. मे अखेरीस समुद्र बदलायला लागलेला असतो. नियमानंच २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी जलवाहतूक बंद असते. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी, तो माशांच्या विणीचा काळ. आपल्या शाळांची मोठी सुट्टी मेमध्ये, म्हणून आपण नेमके चुकीच्या महिन्यात किनाऱ्यावर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जावं. होडीत बसण्यापूर्वी विचारावं, परवाना किती माणसांचा. त्यापेक्षा एकही माणूस जास्त असेल तर उतरावं. भिडेनं बसू नये.

०

भरतीचं गणित मला फार आवडलं, कारण ते आपल्या पंचांगावर चालतं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे तीन वाजता. त्यानंतर सहा तासांनी पुरी ओहोटी, तिला तिकडे सुकती म्हणतात. आकडा मिनिटावर नेमका नसतो, अंदाज पक्का असतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ फार. शिसं तळाला ठरत नाही, दोरी तिरकी जाते, नवख्याला काही कळत नाही. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, पाणी मंद. हातदोरी शिकायची तर भांगाचे दिवस धरावेत. आपल्याकडे तिथी उपासाला आणि मुहूर्ताला बघतात, तिथे रोजच्या पोटापाण्याला बघतात.

०

किती मासे मिळाले हा प्रश्न जालन्यात आल्यावर प्रत्येकानं विचारला. थोडेच. राणी मासे, एक लहान गोब्रा, शिंगाळे. अगदी बारकी पिल्लं सोडून दिली. शाकाहारी दोघांनी तर पकडलेलं सगळंच सोडलं. सोडायची पद्धत दादांनी दाखवली. आधी हात पाण्यात भिजवायचा, मग मासा धरायचा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो.

लहान मासा सोडण्याला आता कायद्याचंही बळ आहे. राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. वीण होण्याआधीच पिल्लं उचलली तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय? बियाण्याच्या कंपन्यांच्या शहरात राहणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागू नये.

०

परत येताना किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडीतून अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा. आमची पोरंही दोराला लागली, कुणी हटकलं नाही. ओढणाऱ्यांत वाटे पडतात, ही जुनी रीत. मासा किनाऱ्याजवळ येईल तेव्हाच रापणीला मिळतो. बाहेर मोठी पर्ससीन जाळी थवेच्या थवे उचलतात, एलईडी दिव्यांनी मासा एका जागी गोळा करतात. म्हणून इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी आंदोलनं केली. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्यानं पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी मासेमारीला बंदी केली. अंमलबजावणीची तक्रार आजही ऐकू येते. हातदोरीच्या सहलीला मी उचलून धरतो त्याचं हेही एक कारण. ज्यानं स्वतः तासभर बसून एक मासा ओढला आहे, त्याला या भांडणात काय पणाला लागलंय ते समजतं.

०

जेवण. मुक्कामाच्या घरच्या काकूंनी आमचेच मासे साफ करून तिखलं केलं, कोकम आणि तिरफळ घालून. तिरफळाचा वास नवा होता, जिभेला किंचित मुंग्या येतात. शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याची आमटी. वहिनीनं घरून ज्वारीचं पीठ आणलं होतं, तिनं काकूंच्या चुलीवर भाकरी थापल्या. काकूंना ज्वारीची भाकरी थापताना बघायची होती, त्या शेजारी बसून राहिल्या.

०

आपल्या जिल्ह्यात मासे धरणारे नाहीत असं कुणी समजू नये. दक्षिणेला गोदावरी आहे. अंबड, घनसावंगी, परतूरच्या काठावरचे भोई पिढ्यान्‌पिढ्या नदीवर आहेत. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी केली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. नदी थांबली आणि नाथसागर झाला, तिथे मासेमारीचं नवंच जग उभं राहिलं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारी माणसं तिथे बघायला मिळतात. लाटेचा भरवसा नसताना तशा तराफ्यावर जाणं किती जोखमीचं, हे देवबागची होडी पाहिल्यावर मला नीट कळलं. मरळ, वाम, रोहू, कटला, चिलापी हे आपल्या बाजारातले मासे. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, त्यात बोटुकली सोडण्याचा खर्च संस्था करते. म्हणून कुठल्याही तलावावर गळ घेऊन बसण्यापूर्वी संस्थेला विचारावं. तो त्यांचा माल आहे.

शहागडच्या पुलावरून मी कितीदा गेलो असेन. खाली उतरून तिथल्या माणसांशी बोललो तो देवबागहून आल्यावरच. मरळीला बेडकाचं आमिष लागतं, वाम रात्रीचीच गळाला येते, हे सगळं त्यांनी आनंदानं सांगितलं.

०

होडीवाल्याशी घासाघीस. भाजीबाजारातली ही सवय तिथे नेऊ नये. इंजिनाचं पेट्रोल जळतं ते मासा लागो वा न लागो. ज्या सकाळी तो आपल्याला नेतो त्या सकाळी त्याचं स्वतःचं जाळं पाण्याबाहेर असतं. शिवाय तो शिकवतो. दर आदल्या दिवशी ठरवावा, किती वेळ, किती माणसं, आमिष कुणाचं, मासे कुणाचे, हे तेव्हाच बोलून घ्यावं आणि ठरलेलं द्यावं.

०

गल्लीतल्या आणखी दोन घरांनी विचारलं आहे. त्यांना पौषातली वद्य अष्टमी काढून दिली. आठची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाला भरती, उजाडताना पाणी उतरू लागेल, भांग असल्यानं ओढ कमी. आजोबांसाठी टेकून बसता येईल अशी मोठी होडी सांगायची आहे. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, ते फोनवर आधी विचारायचं आहे.