कांदा पाच, द्राक्षे आठ

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव होऊन माल काट्यावरून उतरला, की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. मालाचं नाव, वजन, दर, रक्कम, वजावट आणि खाली निव्वळ देणं. हा कागद उभ्याउभ्या, घाईत वाचला जातो. १८.५० क्विंटल, दर १,४५०, रक्कम २६,८२५.०० हे आकडे एककाखाली एकक असे बसले, तरच चूक पटकन नजरेत भरते. पट्टीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं कसब इथे पणाला लागतं.

आकड्यांची रांग लावणं तसं अवघड नाही. फोरट्रान या संगणक-भाषेत १९५७ पासूनच त्याची सोय आहे. सी भाषेतल्या प्रिंटएफला दहा घरं आणि दोन दशांश एवढं सांगितलं, की तो आकडे उजवीकडे चोख लावतो.

खरी पंचाईत होते मालाच्या नावाची. 'कांदा' आणि 'द्राक्षे' डोळ्यांना दोन-दोन अक्षरांचे शब्द. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. त्यामुळे पायथन भाषेच्या लेखी कांदा पाच चिन्हांचा, द्राक्षे आठ चिन्हांची. दहा घरांचा रकाना मागितला, तर कांद्यापुढे पाच जागा सुटतात, द्राक्षांपुढे दोनच, आणि पुढचे सगळे आकडे वाकडे होतात. सी तर बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये कांद्याचे पंधरा बाइट होतात, म्हणजे दहाचा रकाना आधीच भरलेला. एकही जागा सुटत नाही. दहा बाइटांवर छाटायला सांगितलं, तर 'द' मधोमध तुटतो आणि कागदावर कचरा उमटतो.

अक्षरं मोजूनही पुरतं भागत नाही, कारण 'क्ष' आणि 'र' यांची रुंदी सारखी नसते. म्हणून मराठी पट्टीत जागा सोडून रकाने पाडूच नयेत. प्रत्येक रकाना कागदावर कुठे सुरू होतो ते मोजून ठरवावं.

रकमेतल्या स्वल्पविरामाकडेही लक्ष हवं. पायथनकडे स्वल्पविराम मागितले, तर तो 1,234,567 लिहितो. आपल्याकडे मात्र हीच रक्कम बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट अशी वाचली जाते. जावास्क्रिप्टला भाषा मराठी, देश भारत असं सांगितलं, की ते १२,३४,५६७ असं नीट लिहून देतं.

सॉफ्टवेअर तपासताना मालाच्या जागी द्राक्षे, गावाच्या जागी पिंपळगाव बसवंत आणि त्र्यंबकेश्वर अशी लांब किंवा जोडाक्षरी नावं घालून छापून पाहा, आणि तो कागद आधी एखाद्या शेतकऱ्याला वाचायला द्या.