वेशीच्या आतला सिंह

मला सिंह आवडत नाही. पूर्वी आवडायचा. नुसता आवडायचा नाही, जीव टाकायचो त्याच्यावर.

बारा-तेरा वर्षांचा असेन. गल्लीत एकाच्या घरी सीडी प्लेअर होता आणि कुठूनतरी मागून आणलेली 'द लायन किंग'ची सीडी. १९९४ सालचं कार्टून, अमेरिकेतल्या डिस्नेनं काढलेलं. भाषा इंग्रजी. आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. पण हातानं काढलेली चित्रं ती. डोळा, भुवई, मिशी, सगळं बोलायचं. बाप मरून पडलेला आणि पोरगं त्याच्या पंजाखाली शिरून झोपतं, त्याला इंग्रजी कशाला यायला पाहिजे? पिक्चर संपला की ओढ्याकाठी तेच खेळायचो. सिंबा व्हायला सगळे तयार. तरस व्हायला कुणी नाही. मग पालात राहणाऱ्यांचं एक बारकं पोरगं धरायचं, वडापावचा तुकडा द्यायचा आणि त्याला तरस करायचं. ते खिदळत, लंगडत पळायचं आणि आम्ही त्याला ओढ्यापलीकडं हाकलायचो. खेळाचा नियमच तसा होता.

आता मी सूतगिरणीत आहे. रिंगफ्रेमवर. चात्या फिरतात, सूत तुटतं, आपण सांधायचं. आठ तास चालत सांधायचं. शाळा नववीत सुटली. जे काय वाचलं ते वाचनालयात, रद्दीत आणि मोबाईलवर. कविता रात्रपाळीला लिहितो, दोन फेऱ्यांच्या मधे, मिळेल त्या कागदावर.

२०२४ च्या डिसेंबरात मोबाईलवर 'मुफासा'ची जाहिरात फिरत होती. मुफासा म्हणजे सिंबाचा बाप. त्याच्या लहानपणाची गोष्ट. आणि गोष्ट काय, तर हा राजाच्या पोटचा नव्हताच. पुरात वाहून आलेलं अनाथ पोरगं. ना रक्त, ना गादी. मी दोनदा वाचलं. दिग्दर्शकाचं नाव बॅरी जेन्किन्स. त्याच्याबद्दलही वाचलं. काळा माणूस. त्याचा 'मूनलाइट' नावाचा पिक्चर आहे, गरीब काळ्या पोराचा, २०१७ साली त्याला ऑस्करात सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. ज्या लोकांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या लोकांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतलं, त्यांच्यातला हा. म्हणलं, आता बघायचं. सिंहाची गोष्ट आता आपला माणूस सांगणार.

सुट्टी टाकली. हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसचा जनरल डबा धरला आणि मुंबईला ताईकडं गेलो. ताईचं पोरगं सात वर्षांचं. त्याला, ताईला घेऊन लोअर परळला गेलो. तिथं एका जुन्या गिरणीच्या जागेवर मॉल झालाय, त्यात थेटर. जिथं चात्या फिरायच्या तिथं आता सरकते जिने फिरतात. दारात तपासणारा माणूस माझी पिशवी उघडून बराच वेळ बघत बसला. पुढच्या बाईची पर्स त्यानं हातही न लावता सोडली होती. पिशवीत ताईनं केलेल्या चपात्या होत्या. त्या काढून ठेवायला लावल्या. एका तिकिटाला माझी जवळजवळ एक पाळी गेली. तीन तिकिटं, तीन पाळ्या. मक्याच्या लाह्यांचा भाव ऐकून ताई म्हणाली, "राहू दे रं, पोट भरलंय त्याचं." पोट भरलं नव्हतं.

पिक्चर सुरू झाला. पहिला अर्धा तास मी खुर्चीच्या कडेवर होतो. मुफासा वाहत वाहत परक्या हद्दीत येतो. तिथला राजा ओबासी. त्याचा मुलगा टाका ह्या पोराला भाऊ मानतो, टाकाची आई एशे त्याला पोटाशी घेते. पण राजा म्हणतो, हा भटक्या, हा आपल्यातला नाही. मग त्याला राहू देतात, पण सिंहांत नाही, सिंहिणींत. हा तुकडा खरा. आपल्याला पण कुठं कुठं आत घेतात, आणि कुठं बसायचं तेही ठरवून देतात. राजाचं पोरगं बापाबरोबर सावलीत झोपा काढतं आणि हा बायांबरोबर शिकार शिकतो, वास घ्यायला शिकतो. कोसावरचं संकट त्याला नाकानं कळतं. मी अंधारात भाच्याचा हात दाबला. म्हणलं, बघ.

तिथून पुढं पाणी ओसरायला लागलं.

एक तर चित्रं. सगळं संगणकावर केलेलं. आयाळीतला केस न केस खरा, नाकावरचा थेंब खरा. आणि तोंड मेलेलं. खऱ्या सिंहाच्या तोंडावर माणसाचं दुःख कसं दिसणार? बर्फातून चालले तेव्हा मुफासा कुठला आणि टाका कुठला हे मला कळेना. भाच्यानं तीनदा विचारलं. त्या सीडीवरच्या हाताच्या रेघेत जेवढा जीव होता, तेवढा ह्या सगळ्या केसांत मिळून नाही.

दुसरं, आवाज. हिंदीत मोठ्या मुफासाचा आवाज शाहरुख खानचा. लहान मुफासाचा त्याच्या धाकट्या पोराचा. सिंबाचा त्याच्या थोरल्याचा. जाहिरातही तीच, बाप आणि दोन लेकरं. मला शाहरुखबद्दल राग नाही, तो स्वतः दिल्लीहून आलेला, सिनेमावाल्या घरात जन्मलेला नव्हे. म्हणून तर आमच्या वस्तीत त्याचे फोटो लागतात. पण गंमत बघा. रक्तानं राजा होत नाही, ही गोष्ट. आणि ती विकायला काढली रक्ताच्याच नावावर.

हेही चाललं असतं. खरं बिनसलं शेवटाला. मुफासा मिलेले नावाच्या भूमीत पोचतो. त्याच्या आईनं सांगितलेली ती भूमी, हिरवीगार, सगळी जनावरं तिथं राहतात. आपल्या दृष्टीनं बेगमपुरा म्हणा. तिथं पडद्यावर तरी मला कुणी राजा दिसला नाही, आणि कुणाचं अडलेलंही दिसलं नाही. पांढऱ्या सिंहांची टोळी चालून येते. मुफासा सगळ्यांना हाक देतो, एकटे मराल, मिळून लढा. हत्ती येतात, जिराफ येतात. सगळे मिळून लढतात, जिंकतात. माझ्या अंगावर काटा आला. आणि जिंकल्यावर काय करतात? माना खाली घालतात. त्याच्यापुढं. हा झाला राजा. जमीन हादरते आणि त्याला उभं राहायला उंच खडकसुद्धा वर येतो.

म्हणजे खुर्ची नव्हती तिथं खुर्ची आणली. अनाथ पोराची गोष्ट सांगून.

लोक टाळ्या वाजवत होते. मी बसून राहिलो. स्टेशनकडं चालताना भाचा म्हणाला, "मामा, मुफासा बाहेरचा होता ना?"

"होता."

"मग राजा झाल्यावर त्यानं तरसांना का नाय घेतलं आत?"

पहिला पिक्चर त्यानं ताईच्या मोबाईलवर पाहिलेला. ताई म्हणाली, "गप, रस्ता बघ." मी काहीच बोललो नाही. सबंध परतीच्या गाडीत तेच डोक्यात होतं.

पहिल्या पिक्चरमधे हाच मुफासा खडकावर उभा राहून पोराला सांगतो, ऊन पडतं तिथपर्यंत सगळं आपलं, आणि ती पलीकडं सावली दिसते, तिकडं जायचं नाही. तिकडं काय आहे? हत्तींचं मसणवटं. तिथं तरसं राहतात. हाडं चघळत. भुकेनं वेडी झालेली. ती तिथं का राहतात, कुणी ठेवली, हे पिक्चरमधे कुणी विचारत नाही. स्कार म्हणजे राजाचा भाऊ त्यांना पोटभर खायचं कबूल करतो, मग ती त्याच्यापुढं हिटलरच्या फौजेसारखी पाय आपटत चालतात. आणि ती वेशीच्या आत येतात तर काय होतं? पाऊस थांबतो. गवत जळतं. गुरं निघून जातात. सिंबा येऊन त्यांचं राज्य मोडतो, लगेच पाऊस पडतो! बारा वर्षांचा असताना मी ह्या पावसाला टाळ्या वाजवल्या आहेत. सावली ह्या शब्दाचा आमच्या घरात काय अर्थ होता, ते तेव्हा आज्याला विचारायचं सुचलं नव्हतं.

मेलेलं ढोर ओढणं हे आमच्या पणज्याचं काम होतं. काम म्हणजे गावानं लावलेलं. ओढा, सोला, आणि उरलं ते खा. १९२७ साली मार्चात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. पणज्यानं सोडलं. त्यानंतर दोन वर्षं घरात काय खाल्लं, ते आजा सांगायचा नाही.

आणि गुजरातेत उन्याजवळ ११ जुलै २०१६ ला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं, ते सगळ्या देशानं मोबाईलवर बघितलं. गाय ह्यांनी मारली, हा आरोप. पुढं तपासात आलं, ती गाय सिंहानं मारली होती. गीरचं जंगल तिथून जवळ. सिंहाला कुणी काही विचारलं नाही.

तरसाबद्दल मी मग मुद्दाम वाचलं. हान्स क्रूक म्हणून एक प्राणीशास्त्रज्ञ. त्यानं १९६० च्या दशकात टांझानियात, न्गोरोंगोरोच्या खोऱ्यात रात्ररात्र जागून काढल्या. तोवर लोक सकाळी जाऊन बघायचे. सकाळी काय दिसायचं? सिंह शिकार खात बसलेला आणि तरसं लांब टपून बसलेली. झालं, लोकांनी लिहून टाकलं, सिंह मारतो आणि तरस उष्टं खातं. क्रूकनं रात्री बघितलं. शिकार तरसांनी केलेली. कळपानं धावून, दम काढून. मग सिंह यायचा, त्यांना हुसकायचा आणि बसायचा. आफ्रिकेतलं हे ठिपक्यांचं तरस आपलं बरंचसं खाणं स्वतः मारून खातं. क्रूकचं पुस्तक आलं १९७२ साली. आपल्या पँथरच्याच साली. १९९४ चा पिक्चर त्यानंतर बावीस वर्षांनी निघालाय, म्हणजे माहीत नव्हतं असं नाही.

आता गिरणीचं. माझा आजा मुंबईत त्रासनला होता. १९८२ च्या संपानंतर गावी आला तो परत गेला नाही. तो त्याच्या बापाच्या काळातलं सांगायचा. सूत काढायच्या खात्यात आपली माणसं चालायची, साचेखात्यात नाही. साचेखात्यात पगार जास्त. का नाही? तर धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आपलं तोंड लागलेला धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. कामगार सगळे एक, बावटा एक, घोषणा एक. धोटा मात्र वेगळा.

आमच्या आत्ताच्या गिरणीत धोटा नाही. आम्ही नुसतं सूत काढतो. पण ओडिशातून, बिहारातून ठेकेदारानं आणलेली पोरं आहेत. आवारातच पत्र्याच्या खोल्या. गेटबाहेर जायला चिठ्ठी लागते. त्यांची नावं हजेरीपटावर नाहीत, ठेकेदाराच्या वहीत आहेत. रात्रभर तीच पळतात, डॉफिंग करतात, पेट्या ओढतात. सकाळी बोर्डावर उत्पादनाचा आकडा लागतो तो आमच्या खात्याच्या नावानं.

त्या पिक्चरनंतर महिन्याभरानं, २०२५ च्या जानेवारीत, जॉबरची जागा रिकामी झाली आणि मला विचारलं. आमच्या वस्तीतला ह्या गिरणीत जॉबर झालेला आजवर कुणी नव्हता. मी हो म्हणालो. आईनं पेढे वाटले. विहारात पोरांनी शाल घातली, एकानं भाषण केलं, की आपला माणूस वर गेला. आई पहिल्या रांगेत बसलेली, तिच्या डोळ्याला पाणी. त्या पाण्याला मी खोटं म्हणणार नाही. तिनं तीस वर्षं दुसऱ्याच्या रानात भांगलण केलीय.

पगार तीन हजारांनी वाढला. पंख्याखाली बसायला स्टूल आहे. ठेक्याच्या पोरांची नावं हजेरीवर घ्या, असं ऑफिसात दोनदा बोललो. दोनदा ऐकलं, "बघू."

पोरं पहाटे जरा मशीनच्या आडोशाला टेकतात. मी फेरीला आलो की धडपडून उभी राहतात. मी म्हणतो, बसा रे. हिंदीत म्हणतो, बैठो. बसत नाहीत. मी पुढं जाऊन कोपऱ्यावर वळलो की मगच बसतात. त्यातलं एक लंगडतं. बॉबिनची पेटी पायावर पडली होती. अपघाताच्या रजिस्टरात त्याची नोंद नाही, कारण हजेरीपटावर नाव नाही. मी माझ्या कवितांच्या वहीत लिहून ठेवलीय. तारीख, पाळी, मशीनचा नंबर, पोराचं नाव, आणि गावाचं.