वरचा

ड्रॉइंग टेबलाच्या डोक्यावर, पुस्तकांच्या कपाटाला लावलेल्या क्लॅम्पवरून जो जुना फोन आडवा टांगलेला आहे, त्याला आमच्या घरात ‘वरचा’ म्हणतात. काचेला एका कोपऱ्यात तडा, सिम काढून घेतलेलं, बॅटरी जेमतेम. मुलीने नवा फोन घेतला तेव्हा हा एक्स्चेंजमध्ये जायचा होता, पण दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून तिने त्याला परत आणलं. तेव्हापासून रविवारी सकाळी मी पेन्सिलने चेहरे काढतो आणि वरचा ते लाइव्ह दाखवतो.

स्वभावाने हुशार. नको तितका हुशार, आणि घात होतो तो या हुशारीनेच. कोरा कागद समोर आला की त्याला वाटतं, उजेड फार झाला; तो चित्र अंधारतो आणि पांढराशुभ्र कार्ट्रिज पेपर राखाडी दिसू लागतो. तेवढ्यात काळ्या बाहीचा माझा हात चौकटीत शिरतो. आता याला वाटतं, अंधार पडला. लगेच उजेड वाढवतो, आणि एच पेन्सिलने जपून काढलेली गालाची रेष पार उडून जाते. हात बाहेर काढला की पुन्हा राखाडी. बघणाऱ्याला वाटावं, घरात कुणीतरी पोरगं दिव्याच्या बटणाशी खेळतंय. फोकसचीही तीच तऱ्हा. जे जवळ येईल त्यावर याचा जीव. पेन्सिलीचं मागचं टोक वर आलं की हा त्या टोकावरची सोनेरी अक्षरं वाचत बसतो आणि खाली कागदावरचा डोळा धूसर होतो.

याला बोटाने समज द्यावी लागते. पडद्यावर कागदाच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड दोन्हींना कुलूप लागतं. मात्र त्याआधी कागदावर एखादी गडद खूण करून ठेवायची, कारण निव्वळ कोऱ्या कागदावर त्याच्या नजरेला धरायला काहीच नसतं. कुलूप लागलं की उजेडाची पट्टी किंचित वर सरकवायची, कागद पांढरा दिसेल पण त्याचा पोत मरणार नाही इतपतच. रंगात काम करणाऱ्याने व्हाइट बॅलन्सही बांधून टाकावा. नाहीतर गेरूचा मोठा हात मारला की हा परस्पर सगळं चित्र निळसर करून ‘दुरुस्त’ करतो.

दिव्यांशी त्याचं वेगळंच भांडण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे साधा ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. आपल्याला ते दिसत नाही, याला दिसतं. कागदावरून मग काळसर आडवे पट्टे सरकत राहतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की हे थांबतं. अमेरिकेतल्या चित्रकारांचे सल्ले ऐकून १/६० ठेवणारे पुष्कळ भेटतात. तिकडची वीज ६० हर्ट्‌झची आहे, हे सांगायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि ती रिंग लाइट! फोनच्या स्टँडबरोबर हल्ली सर्रास गळ्यात मारतात. चेहऱ्यावर मेकअप करून दाखवणाऱ्यांना ती ठीक, पण पेन्सिलच्या चित्राला अगदी मारक. सहा बी, आठ बीने दाबून भरलेला केसांचा काळा भाग म्हणजे ग्राफाइटचा गुळगुळीत थर. उजेड कॅमेऱ्याच्या शेजारूनच पडला तर तो थर सरळ वर चमकतो, आणि चित्रातली सगळ्यात काळी जागा पडद्यावर चंदेरी दिसते. मी गडद करत जातो आणि लोकांना ते उजळत जाताना दिसतं. म्हणून वरच्याजवळ दिवा ठेवायचा नाही. दिवा बाजूने, साधारण ४५ अंशांतून, आणि उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून. म्हणजे हाताची सावली रेषेवर न पडता पलीकडे जाते.

टांगलेला असल्यामुळे त्याला उभं-आडवं कळत नाही, हा आणखी एक गुण. पाठीचा कॅमेरा थेट जमिनीकडे असला की वर कुठे नि खाली कुठे याचा त्याचा अंदाज चुकतो आणि ऐन रंगात आलेल्या सत्रात चित्र नव्वद अंशांनी फिरतं. रोटेशन आधीच बंद केलेलं बरं. त्याला टेबलालाच जखडण्यात अर्थ नाही. रबर फिरवला तरी भूकंप दिसतो. म्हणून आमचा कपाटाला आहे. आता तो हलत नाही, पण मी वाकतो. मग खालून हमखास कुणाची तरी प्रतिक्रिया येते : ‘सर, डोकं मध्ये येतंय.’

डोकं आणि हात मध्ये येणं हे चित्रकाराला पहिल्यापासून चिकटलेलं दुखणं. १९५० साली छायाचित्रकार हान्स नामुथने चित्रकार जॅक्सन पोलॉकला काचेवर रंगवायला लावलं आणि कॅमेरा काचेच्या खाली ठेवला. दिग्दर्शक क्लूझोने १९५६च्या ‘द मिस्टरी ऑफ पिकासो’ या चित्रपटात आणखी नामी युक्ती केली. पलीकडे शाई झिरपेल असा कागद, पिकासो एका बाजूला, कॅमेरा दुसऱ्या बाजूला. हात दिसतच नाही, रेषा आपली आपण उमटत जाते. मला मात्र हात दिसलेला आवडतो. रेष ओढण्याआधी तो हवेत दोनदा तीच रेष फिरवून बघतो, शिकणाऱ्याने चोरावं ते तिथेच असतं. तेव्हा हात असू द्यावा आणि डोकं आवरावं : वरच्याला थोडा पलीकडे सरकवून तिरका करायचा आणि बोर्ड त्याच तिरकसपणाने उचलायचा, म्हणजे चौकोन चौकोनच राहतो.

उन्हाळ्यात त्याचा पारा चढतो. कॅमेरा, वायफाय आणि चार्जर एकदम चालू असले की तो आधी पडदा मंद करतो, मग सरळ बंद पडतो. कव्हर काढलं, पडद्याचा उजेड कमी केला की बराच निभतो. पंखा लावावा तर कागद फडफडतो आणि माइकमध्ये वादळ घुसतं. बोलण्यासाठी मी कॉलरचा साधा माइक लावतो, कारण वरच्याचे कान फार लांब आहेत, शेजारच्या रेडिओपर्यंत पोहोचतात. आणि एखादं जुनं सिनेगीत नीट ऐकू गेलं तर कॉपीराइटची नोटीस मला येते.

त्याची एक केबल कॉम्प्युटरला जाते. तिथे ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर चित्र पुढे पाठवतं. इंटरनेटवाले फुशारकी मारतात ती डाउनलोडची. इथे कामाला येतो अपलोडचा वेग. १०८०पीला सलग पाच-सहा एमबीपीएस मिळावेत आणि वर तेवढीच शिल्लक असावी. नसेल तर ७२०पी पत्करावं, पण अडखळू नये. वेग कमी पडला की पहिला बळी फिकट रेषांचा जातो, म्हणून लाइव्हमध्ये कच्चं रेखाटनही मी एचबीने करतो, टू एचने नाही.

शिवाय इथे काढलेलं तिकडे पोहोचायला काही सेकंद जातात. ‘नाक लांब झालंय का?’ म्हणून विचारावं, आणि उत्तरं येईपर्यंत मी हनुवटीवर असतो. परवा एका बाईंनी कळवलं, ‘हो दादा, थोडं लांब आहे.’ मी हनुवटी सोडून नाक खोडलं. मागोमाग आणखी चौघांचं आलं, नाक छान आहे, हात लावू नका.