कळलं नाही म्हणायची चोरी

‘हुशार’ हा शब्द मी वर्गात वापरणं बंद केलं, त्याला दोन वर्षं झाली. त्याआधीची सगळी नोकरी मी त्याच शब्दावर काढली. पहिली चाचणी झाली की सात-आठ मुलं वेगळी काढायची, पुढे बसवायची, शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायची. ती ‘स्कॉलरशिपची मुलं’. आपण त्यांचं भलंच करतोय याबद्दल मनात शंका नव्हती, कारण माझंही असंच झालं होतं.

मी लोणी देवकर गावची. आजोबांची काळी जमीन उजनी धरणाच्या पाण्यात गेली, राहिली ती माळाची. त्यामुळे गेलेल्या जमिनीची भरपाई म्हणूनच आमच्या घरी शाळेकडे बघायचे. 1994 साली चौथीच्या शिष्यवृत्तीच्या यादीत माझं नाव आलं. वडिलांनी फाट्यावर पेढे वाटले आणि त्या दिवसापासून माझं नाव मागे पडलं. मी ‘ती हुशार पोरगी’ झाले. पाव्हणे आले की एकोणतिसाचा पाढा म्हणायला बोलवायचे. माझं उदाहरण देऊन चुलतभावांना मार बसायचा, ते माझ्याशी खेळेनासे झाले. हे फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा कौतुकच इतकं होतं.

दहावीपर्यंत मला फारसं काही अडलंच नाही. अडलं की काय करायचं, कुणाकडे जायचं, ही सवयच अंगाला लागली नाही. अकरावीला सायन्स घेतलं, तालुका सोडला, आणि मराठीत शिकलेलं सगळं एका उन्हाळ्यात इंग्रजी झालं. सदिशाचं व्हेक्टर झालं, त्वरणाचं ॲक्सलरेशन. शेजारची मुलगी, दहावीला माझ्यापेक्षा बरेच कमी गुण असलेली, हात वर करून सरांना विचारायची. मी मान हलवत सुबक अक्षरात उतरवून घ्यायचे. विचारलं असतं तर सर ओरडले नसते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मला ‘कळलं नाही’ म्हणायची चोरी. पहिल्या चाचणीत फिजिक्सला 25 पैकी 4 पडले. तो कागद मी दप्तराचं अस्तर उसवून आत सरकवला आणि घरी सांगितलं, निकाल अजून लागायचाय.

बारावी जेमतेम सुटली, डी.एड. केलं. वडिलांनी त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, आणि ते न विचारणंच मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं. तरीही शिक्का खोटा होता असं मला वाटलं नाही. शिक्का खरा, मीच कमी पडले, असं धरून चालले. म्हणून तोच शिक्का पुढे दुसऱ्यांच्या लेकरांवर मारत राहिले.

2016-17 साली शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीला आली आणि पाचवीचा गट माझ्याकडे आला. काही वर्षांनी एकदा 75 प्रश्नांचा, 150 गुणांचा सराव पेपर मुलं उत्तरसूची घेऊन आपापला तपासत होती. मी मागून चालले होते. माझी सगळ्यात पुढची मुलगी पेन्सिलने भरलेला गोल बोटाला थुंकी लावून पुसत होती. खोडरबर बाकावर तसाच पडलेला, तो उचलला असता तर दिसलं असतं. घासून घासून कागदाला भोक पडलं. तिने शेजारचा गोल भरला आणि वर 138 लिहिले. नंतर मी मोजले, ते 112 होते. 150 पैकी 112 गुण त्या मुलीला लपवावेसे वाटले होते! मी तिला काही बोलले नाही. मला दप्तराचं अस्तर आठवलं.

मग मी वाचायला लागले. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत पाचवीच्याच मुलांवर केलेला एक प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाला होता. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, त्यानंतरची सोपी कोडीही त्यांना आधीपेक्षा कमी सुटली, आणि अनोळखी मुलांना आपले गुण कळवताना त्यांतल्या जवळपास 40 टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारी फार थोडी होती. ते वाचून रात्री मला झोप आली नाही. माझ्या हाताखालून गेलेली मुलं एकेक करून आठवत होते.

ज्याची भूक मोठी त्याला जास्त वाढायला हवं, हे मी आजही मानते. आप्पा पेंडशांनी 1962 साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांकडे वेगळं लक्ष द्यायला हवं म्हणूनच, आणि ते काम मोलाचं आहे. मी जादा तास अजूनही घेते. फक्त दार उघडं ठेवते, ज्याला बसायचं त्याने बसावं. न आलेलं गणित वहीत चौकट करून माझ्याकडे आणायचं, एवढीच अट.

गेल्या महिन्यात त्या मुलीची आई आली. एमआयडीसीतल्या कंपनीतून पाळी सुटल्यावर थेट, ओळखपत्र गळ्यातच. मुलगी आता आठवीत आहे, तिचे तास अजून माझ्याकडेच असतात. आई दारातच थांबली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही आता तिला हुशार म्हणत नाही. काही चुकलं का पोरीचं?”

मी तिला खुर्ची दिली आणि अकरावीचं सगळं सांगितलं. 25 पैकी 4 सुद्धा. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वडिलांनाही नाही. मुलगी आईच्या मागे उभी राहून ऐकत होती.

“तो कागद अजून आहे?” तिने विचारलं.

“नाही गं. दप्तरच फाटलं.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने पाठीवरचं दप्तर काढलं, त्यातून वही काढली आणि चौकट केलेलं एक पान माझ्यासमोर धरलं.