चाकाची माती

श्रीगोंद्याहून नगरला सायकल न्यावयाची, तर ती टेम्पोत ठेवली की काम भागते. चाकांना कोणत्या शेताची माती लागली आहे, हे कोणी पुसत नाही. तीच सायकल देशाची सीमा ओलांडू लागली, की तिची चौकशी सुरू होते.

२०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीने सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण समुद्र काही सायकलवरून ओलांडता येत नाही! तेथे पेडले काढून (डाव्याचे आटे उलटे असतात बरे!) आणि हँडल वळवून सायकल खोक्यात भरावी लागते. वेगळे पाठविलेले सामान असेल, तर जुना तंबू, पिशव्या, भांडी यांची किमतीसह यादी द्यावी लागते. सामान विकावयाचे की परत न्यावयाचे, हे जकात अधिकारी विचारतात. कारण विक्रीच्या मालावर कर असतो. ठिगळ लावलेल्या तंबूची किंमत सांगताना धनी मात्र घुटमळतो. बाजारात त्याला मोल नाही, आणि पावसात त्यानेच तर वाचविलेले असते!

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये चिखलाची तपासणी फार कडक असते. मातीतून परके बी आणि पिकांचे रोग शिरतात, ही तेथील शेतकऱ्यांची धास्ती होय. म्हणून श्रीगोंद्याच्या उसाच्या बांधावरून फिरलेली सायकल तिकडे धाडणाऱ्याने टायरांच्या खाचांतील काळी माती ब्रशाने घासून धुवावी. तंबूच्या खुंट्याही पाहाव्यात. त्यांची माती बहुधा विसरली जाते.